डच जोडशब्द कुठे फोडायचे आणि जोर कुठे द्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेदरलँड्समध्ये आम्स्तलवेनला राहते, इथे आपली मंडळी भरपूर आहेत आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी नवीन येतं, डच क्लास लावतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मेसेज येतो की ताई हे शब्द संपतच नाहीत, श्वास कुठे घ्यायचा. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

सगळं देवनागरीत लिहिलंय, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या. 'ख' दिसला की बहुतेक वेळा तो घसा खरवडून काढायचा ख आहे. डच ट आणि ड आपल्या कानाला त-द च्या जवळचे वाटतात म्हणून त-द लिहिलेत. 'आउ' लिहिलंय तिथे बऱ्याचदा आउ आणि आय यांच्या मधलं काहीतरी असतं, ते ऐकूनच शिकायचं. ऽ म्हणजे स्वर लांबवा.

एवढे लांब शब्द असतात तरी कशाला?

कारण ते एक शब्द नसतातच, समास असतात, फक्त डच लोक मध्ये जागा सोडत नाहीत. झीकन म्हणजे आजारी माणसं, हाउस म्हणजे घर, झीकनहाउस म्हणजे हॉस्पिटल. कूल-कास्त म्हणजे गार कपाट, अर्थात फ्रिज. हांत-स्खून म्हणजे हाताचा बूट, म्हणजे हातमोजा (हा शब्द कळला त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते). शाळेत केलेला तत्पुरुष आठवा, शेवटचं पद मुख्य, आधीचं सगळं त्याचं वर्णन. शब्दाचं लिंगही शेवटच्या पदावरून ठरतं, आपल्या देवघरासारखंच, देव पुल्लिंगी असला तरी घर नपुंसक म्हणून 'ते देवघर'. डचमध्ये नामाआधी, इंग्रजी the सारखं, 'हेत' किंवा 'द' लागतं, नपुंसक असेल तर 'हेत'. तसं हाउसला 'हेत' लागतं म्हणून झीकनहाउसलाही 'हेत', कास्तला 'द' लागतं म्हणून कूलकास्तलाही 'द'. म्हणजे शब्द कितीही लांब असू दे, आधी शेपूट बघायची.

पण फोडायची गरज काय, सरळ वाचत गेलं तर नाही का चालत?

नाही चालत, आणि इथेच सगळ्यांची गाडी अडते. समजा मराठी न येणाऱ्या माणसासमोर तुम्ही 'घरकाम' लिहून ठेवलं, तो घ-र-का-म वाचेल. तुम्ही घर्-काम म्हणता, कारण तुम्हाला माहीत आहे की घर संपलं आणि काम सुरू झालं. अक्षरांवर कुठेही तशी खूण नाही, खूण तुमच्या डोक्यात आहे. डचचंही अगदी तसंच आहे.

पैसे काढायच्या मशीनवर पाटी असते, पिन-आउतोमाऽत. नवीन माणूस पि-नाउ-तोमात वाचतो, कारण साधा नियम सांगतो की दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन आलं तर ते पुढच्या स्वराकडे जातं, आणि मग मागचा स्वर उघडा पडून लांब होतो. हा नियम बरोबर आहे, फक्त तो एका पदाच्या आत लागतो, दोन पदांच्या सांध्यावर नाही. तसंच लेस-यूर, म्हणजे शाळेचा तास. ले-स्यूर म्हटलं तर समोरचा डच माणूस भुवया उंचावून बघत राहतो.

आणि आपल्यासाठी एक जास्तीची गंमत अशी की वहीत देवनागरीत उच्चार लिहायला गेलं की टाळाटाळ करताच येत नाही. दातांच्या डॉक्टरला तान्त-आर्त्स लिहायचं की तांदार्त्स, हे पेन टेकवायच्या आधी ठरवावं लागतं, कारण व्यंजनाला स्वर चिकटवायचा की नाही हे आपली लिपी लगेच विचारते. रोमन अक्षरांत लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. माझ्या पहिल्या वहीत पानभर तांदार्त्स लिहिलेलं आहे आणि त्यावर नंतर लाल पेनाने काट मारलेली आहे.

तांदार्त्स का चूक? स्पेलिंगमध्ये तर द आहे की!

आहे, पण डचमध्ये पद संपताना शेवटचा द त होतो आणि ब प होतो. एक दात म्हणजे तान्त, अनेक दात म्हणजे तान-दन, तिथे द परत येतो कारण तो आता तुकड्याच्या सुरुवातीला गेला. मग दात अधिक डॉक्टर करताना पुढे स्वर आहे तर द यायला हवा असं वाटतं ना? नाही येत. पद जिथे संपलं तिथे संपलं, तान्त-आर्त्स.

हे आपल्याला जड जातं कारण आपल्या कानात संस्कृतची संधी बसलेली असते. जगत् अधिक ईश, जगदीश. त चा द झाला आणि दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले. डचमध्ये बरोबर उलटं चालतं, मुळातला द त होऊन बसतो आणि पुढच्या स्वराला ओळख देत नाही.

म्हणजे डचमध्ये संधी होतच नाही?

होते, व्यंजनांची होते! रुमालाला शब्द आहे झाक-दूक, झाक म्हणजे खिसा, दूक म्हणजे कापड. पण बोलताना ऐका, झाग्दूक. पुढचा द मागच्या क ला ग करतो, दिक् अधिक दर्शन दिग्दर्शन, तोच प्रकार. मजा म्हणजे आपला साधा ग डचमध्ये असा सांध्यातच सापडतो, नाहीतर बाहेरून आलेल्या शब्दांत, कारण ग च्या अक्षराला ते घशातला ख म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला पहिल्या दिवसापासून परफेक्ट जमतो. द किंवा ब पुढे असेल तरच हे होतं. झ पुढे असेल तर उलटा प्रवास, स्तोफ म्हणजे धूळ, झाउखर म्हणजे शोषणारा, आणि व्हॅक्यूम क्लीनर होतो स्तोफ-साउखर, इथे मागच्या फ ने पुढच्या झ चा स करून टाकला.

साधे, न जोडलेले शब्द कसे फोडायचे?

हे पटकन सांगते, क्लासात होतंच. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन, ते पुढे जातं, वा-तर. दोन व्यंजनं, एक इकडे एक तिकडे, बाक-कर. तीन किंवा जास्त असली तर डच शब्दाच्या सुरुवातीला चालू शकतील तेवढी पुढे, बाकीची मागे, फेन-स्तर. आणि हे नुसतं छापखान्यासाठी नाहीये, सगळं डच स्पेलिंग यावरच उभं आहे. मान-नन म्हणजे पुरुष, आ आखूड, म्हणून न दोनदा लिहितात. माऽ-नन म्हणजे चंद्र, अनेकवचनी, आ लांब, न एकदाच. एक अक्षर खाल्लं की पुरुषांचे चंद्र होतात.

दोन पदांच्या मध्ये जो स किंवा न येतो तो कुणाचा?

मागच्याचा, कायम. कोनिंग्स-दाख, राजाचा दिवस, २७ एप्रिल, सगळे नारिंगी कपडे घालून रस्त्यावर असतात तो. कोनिंग-स्दाख नाही. दोर्प्स-हाउस, गावाचं समाजमंदिर म्हणा. हा स आपल्या षष्ठीच्या प्रत्ययासारखा समजा, 'राजाचा' मधला चा आपण कधी पुढच्या शब्दाला जोडून म्हणतो का?

न ची भानगड वेगळी. पान-नन-कूक, म्हणजे ते धिरड्यासारखं प्रकरण, यात पहिल्या पदाच्या शेवटचा न लिहायचा पण बहुतेक लोक तो म्हणत नाहीत, पान-न-कूक एवढंच ऐकू येतं. १९९५ च्या स्पेलिंग बदलाआधी तो लिहितही नव्हते. जुन्या लोकांच्या हातच्या रेसिपीत हा न नसलेला शब्द दिसला तर ती चूक समजू नका, त्यांच्या शाळेत तेच बरोबर होतं.

एकच शब्द दोन ठिकाणी फुटतो असं होतं का?

होतं, आणि डच लोकांचा हा आवडता टाइमपास आहे. आपण पावसाळा फोडून पाव आणि साळा करतो तसा.

दाइक-राम्प म्हणजे बंधारा फुटल्याची आपत्ती, समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशात हा शब्द गमतीचा नाही. पण तीच अक्षरं दाइ-क्राम्प अशी फोडली की मांडीत आलेला गोळा. केर्स-तोमात्यस म्हणजे चेरी टोमॅटो, सुपरमार्केटमध्ये रोज दिसतात, आणि केर्स्त-ओमात्यस फोडलं तर नाताळच्या आज्या. छोट्या आज्या, कारण त्य लागला की लाडाचं रूप होतं. फाल-काउल म्हणजे फसवा खड्डा, शिकारीचा, आणि फाल्क-आउल म्हणजे ससाणा अधिक घुबड, असा पक्षी नाही पण वाचताना डोळ्यांसमोर येतोच. क्वार्त-स्लाखन म्हणजे पाव-पाव वळसे, क्वार्त्स-लाखन म्हणजे क्वार्ट्झ दगडाचे थर.

माझा सगळ्यात आवडता मात्र मासाझ-बेत. मसाजचं टेबल. तोच शब्द मासा-खबेत असा फोडला की सामूहिक प्रार्थना. आणि इथे नुसता सांधा हलत नाही, जोरही हलतो. मसाजमध्ये तो 'साझ' वर असतो, प्रार्थनेत पहिल्या 'मा' वर. वरचे बाकीचे शब्द जोराने ओळखता येत नाहीत, हा येतो.

ठीक, मग जोर नेमका कुठे द्यायचा?

पहिल्या पदावर. पण 'पहिल्या अक्षरावर' असं ऐकून आला असाल तर ते डोक्यातून काढा, कारण त्यानेच निम्म्या चुका होतात. पहिलं पद एकटं असताना त्याचा जोर जिथे असतो तिथेच तो राहतो, मागे कितीही डबे जोडा.

झीकनहाउस, जोर झी वर. झोर्ख-फरझेकरिंग, म्हणजे हेल्थ इन्शुरन्स, जोर झोर्ख वर. पण बलास्तिंग-दीन्स्त, टॅक्सवाले, त्यात जोर 'लास' वर, कारण बलास्तिंग एकटा म्हणतानाही तो तिथेच असतो. खमेन्त-हाउस, जोर 'मेन' वर. फरब्लाइफ्स-फरखुनिंग, ते राहण्याचं परमिट ज्याची आपण सगळे वाट बघत बसतो, जोर 'ब्लाइफ्स' वर. ब, ख, फर असे जे शब्दाच्या सुरुवातीला चिकटणारे बारके तुकडे असतात ते जवळपास कधीच जोर घेत नाहीत.

मराठीत आपण जोर देतच नाही असं नाही, पण जोर हलवून शब्दाचा अर्थ बदलत नाही आपण, त्यामुळे सवयच नसते. आपण सगळे तुकडे सारख्याच मापाने, पोळ्या लाटल्यासारखे म्हणत जातो. डच कानाला मग शब्द कुठे सुरू झाला तेच कळत नाही. तुमचे सगळे उच्चार बरोबर असले तरी ते 'काय म्हणालात?' विचारतात, आणि आपल्याला वाटतं ख चुकला. ख नाही चुकलेला, जोर सपाट पडलाय.

अपवाद?

आहेत, आणि नेमके रोजच्या वापरातले. स्तात-हाउस, म्हणजे टाउन हॉल, जोर हाउसवर. बुर्ख-मेस्तर, महापौर, जोर 'मेस' वर. बूरन-कोल, हिवाळ्यात बटाट्यात चेचून खातात ती कुरळी हिरवी पालेभाजी, जोर कोलवर. होख-स्खोल, जोर स्खोलवर, आणि याचं कारण दिसतं तरी, मुळात 'उच्च शाळा' असे विशेषण आणि नाम दोन सुटे शब्द होते, ते एकत्र लिहायला लागले पण चाल जुनीच राहिली.

गावांची नावं तर विचारूच नका. आम्स्तल नदीवरचं धरण म्हणून आम्स्तरदाम, रोत नदीवरचं धरण म्हणून रोत्तरदाम, दोन्हींत जोर शेवटच्या दामवर. आम्स्तलवेन, जोर वेनवर. झूतरमेर, मेरवर. पण आइन्तहोव्हन, जोर आइन्तवर, आणि होफ्तदोर्प, होफ्तवर. ट्रेनमध्ये स्टेशनची अनाउन्समेंट होते तेव्हा मोबाइल खाली ठेवा आणि ऐका, फुकटचा क्लास आहे. आम्स्तरदामचा जोर सुरुवातीला नेऊन म्हटला तर कळतं सगळ्यांना, फक्त तुम्ही विमानातून कालच उतरलात हेही कळतं.

जोर चुकला तर खरंच अर्थ बदलतो? की उगाच घाबरवताय?

बदलतो. माझाच किस्सा. एका लायब्ररीत संध्याकाळी पुढचं दार बंद झालं होतं, मला मागच्या दाराने जायचं होतं. आख्तर म्हणजे मागे, आउत-खांग म्हणजे बाहेर जायची वाट, मी शब्द स्वतः जोडला, आख्तराउतखांग, आणि काउंटरवरच्या बाईंना मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, तो कुठे आहे? जोर मी दिला 'आउत' वर. त्या दोन सेकंद थांबल्या, आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, ती तर सगळीकडेच आहे बाई. मागच्या रांगेतले दोघं हसायला लागले. मागचं दार हवं असेल तर जोर 'आख' वर लागतो. 'आउत' वर दिला की त्याचा अर्थ अधोगती, ऱ्हास. मी त्यांना विचारलं होतं की इथली अधोगती कुठे आहे.

क्रियापदांमध्येही असंच आहे का?

जास्तच आहे. फोर-कोमन, जोर फोरवर दिला तर घडणं, आढळणं. जोर 'को' वर दिला तर टाळणं, होऊ न देणं. म्हणजे जवळजवळ विरुद्ध! ओंदर-खान, जोर 'ओं' वर, सूर्य मावळणं, आणि जोर खानवर, एखादी गोष्ट सोसणं, ऑपरेशनला सामोरं जाणं. ओव्हर-द्राइव्हन, जोर 'ओ' वर, ढग सरकून जाणं, जोर 'द्राइ' वर, अतिशयोक्ती करणं.

लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. जोर पहिल्या तुकड्यावर असेल तर तो तुकडा सुटतो, वाक्यात शेवटी जाऊन बसतो, भूतकाळात मध्ये 'ख' घुसतो, फोर-ख-कोमन. जोर नंतरच्या तुकड्यावर असेल तर शब्द घट्ट, काही सुटत नाही, काही घुसत नाही. लिहिताना गोंधळ होईल असं वाटलं तर डच लोक जोराच्या स्वरावर तिरकी रेघ मारतात आणि ते पूर्णपणे चालतं, शुद्धलेखनाची चूक धरत नाहीत.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर?

आधी पदांच्या सांध्यावर, मग पदाच्या आत. एकटं अक्षर ओळीवर टांगून ठेवत नाहीत. विचित्र भाग असा की तोडल्यावर स्पेलिंग बदलू शकतं, ओमात्य म्हणजे आजी लाडाने, त्यात आ दोनदा लिहितात, पण ओळीअखेर ओमा-त्य तोडलं की एक आ गळतो, कारण आता तो तुकडा उघडा आहे आणि एकाच आ ने लांब होतो. स्वरावरचे ते दोन टिंब असतात ना, 'हा वेगळा वाचा' सांगणारे, तेही तोडल्यावर काढून टाकतात. जोडशब्दात स्वरावर स्वर आपटला तर मात्र टिंब नाही, मध्ये छोटी रेघ, झे-एन्त, समुद्रातलं बदक. हेही १९९५ चंच, आधी इथे टिंब होते.

मध्ये स्पेस देऊन लिहिलं तर सोपं नाही का होणार?

तुम्हाला होईल, त्यांना राग येईल. इंग्रजीच्या नादाने तान्त आणि आर्त्स सुटे लिहिण्याच्या सवयीला इथे 'इंग्रजी रोग' म्हणतात, आणि मजा म्हणजे मुडदुसाचं जुनं डच नावही तेच आहे. तर परीक्षेत शब्दांना मुडदूस होऊ देऊ नका.

सगळ्यात अवघड कुठला?

लिहिलेला बघून घाम फुटतो तो आंग्स्त-स्ख्रेउ, भीतीची किंकाळी, मध्ये सलग ८ व्यंजनं लिहिलेली. पण फोडला की २ तुकडे, संपलं. लांबीने घाबरवणारा म्हणजे आर-बाइत्स-ओन-ख-स्खिक्त-हाइत्स-फर-झे-क-रिंग, काम करता न येण्याचा विमा, मोजा, १० तुकडे. जोर एकच मुख्य, पहिल्या 'आर' वर, बाकी उतारावर सोडून द्यायचं.

मुलगी शाळेतून बा-कर असं फोडून आली, मी बाक-कर सांगितलं, ती म्हणते बाई म्हणाल्या आई चुकते. कोण बरोबर?

दोघी. इथल्या प्राथमिक शाळेत स्पेलिंग शिकवताना क्लांक-खरूप वापरतात, म्हणजे कानाला ऐकू येणारा तुकडा, आणि ऐकू तर एकच क येतो. बा असा आखूड आवाज शेवटी ऐकू आला की मुलांनी पुढचं व्यंजन दोनदा लिहायचं, असा तो नियम. तुम्ही सांगताय ते लेतर-खरेप, लिहिताना तोडायचे तुकडे, तिथे बाक-कर. घरी भांडू नका, गृहपाठात शाळेचंच लिहू द्या.

डिक्शनरीत हे सगळं मिळतं का?

तुकडे अधिकृत शब्दयादीत मिळतात, तिला ते हिरवं पुस्तक म्हणतात, ऑनलाइन फुकट आहे. जोर मोठ्या डिक्शनरीत दाखवलेला असतो. पण समास कुणीही, कधीही, कशाचाही बनवू शकतो, त्यामुळे तुम्हाला जो शब्द अडलाय तो बऱ्याचदा कुठेच नसतो, शेपटीकडून ओळखीची पदं काढत काढत पुढे यावं लागतं. आज सकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये खाली कागद चिकटवला होता, लिफ्त-ओन-दर-हाउत्स-वेर्क-झाम-हे-दन. मी भाजीची पिशवी खाली ठेवून फोडत बसले. दन हे अनेकवचन, वेर्कझामहेदन म्हणजे कामं, ओंदरहाउत म्हणजे देखभाल, मधला स मागच्याचा, आणि जोर पहिल्या पदावर, लिफ्टवर. जी बंद होती. ८ तुकडे, आमचं घर चौथ्या मजल्यावर, प्रत्येक मजल्याला दोन दोन म्हणत वर गेले.